चालकाची आकिला कोण?

२ जानेवारी २०२४ ची रात्र. ट्रकचालकांच्या देशव्यापी संपाचा तो दुसरा दिवस होता. इंधन संपणार या धास्तीने राज्यात ठिकठिकाणी पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या होत्या. मानोऱ्यात आमच्या मशिदीत मात्र इशाच्या नमाजला नेहमीपेक्षा एक सफ अधिक होती. महिन्यातले वीस-पंचवीस दिवस रस्त्यावर काढणारे चालक त्या दिवशी घरी होते. नमाजनंतर त्यांच्यापैकी काही जण थांबले. त्यांचा प्रश्न सरळ होता: मौलाना, मालकाशी काम ठरलेले असताना गाडी उभी करणे शरीअतमध्ये जायज आहे का?

त्यांच्यापैकी एक जण सर्वांत शेवटी राहिला. बाकीचे गेल्यावर वजूखान्याच्या ओट्यावर बसून त्याने आपला मसला सांगितला. अडीच वर्षांपूर्वी एका रात्री, परक्या जिल्ह्यात, त्याच्या ट्रकचा धक्का एका दुचाकीला लागला. त्याला डुलकी लागली होती. आवाजाने जाग आली, आरशात दुचाकी आडवी दिसली, आणि तो थांबला नाही. तो माणूस वाचला की गेला, हे त्याला ठाऊक नव्हते. दोन महिन्यांचे रोजे आपल्यावर येतात का, एवढेच त्याला विचारायचे होते.

वाचकहो, पहिला प्रश्न हक्काचा आहे आणि दुसरा गुन्ह्याचा. त्या रात्री मी दोन्हींची उत्तरे वेगवेगळी दिली. नंतर पुष्कळ विचार केल्यावर माझ्या लक्षात आले की हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. ते ठिकाण आपल्या फिक्हच्या ग्रंथांत फार पूर्वीपासून आहे. आपण ते मदरशात शिकतो, परीक्षा देतो आणि विसरतो.

प्रथम संपाचे कारण पाहू. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने भारतीय न्याय संहिता संमत केली. तिच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात अशी तरतूद होती की बेदरकारपणे व निष्काळजीपणे वाहन चालवून एखाद्याच्या मृत्यूस कारणीभूत झालेला आणि पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यास न कळवता पळून गेलेला चालक दहा वर्षांपर्यंतच्या कारावासास व दंडास पात्र ठरेल. जुन्या भारतीय दंड संहितेत निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूला कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. चालक रस्त्यावर आले. २ जानेवारीच्याच रात्री केंद्रीय गृहसचिवांची ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी चर्चा झाली, आणि हे पोटकलम तूर्त लागू होणार नाही, लागू करण्यापूर्वी विचारविनिमय होईल, असे आश्वासन मिळाले. पुढे १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता अमलात आली तेव्हा एवढे एक पोटकलम बाजूला ठेवण्यात आले.

येथे एक गोष्ट नजरेतून निसटू नये. ज्या संघटनेशी सरकारने चर्चा केली ती वाहतूकदारांची, म्हणजे ट्रकमालकांची शिखर संघटना आहे. गाड्या उभ्या केल्या चालकांनी, कारावासाची धास्ती होती चालकांना, आणि मेजाशी बसले मालक. मालकांनी चालकांचे म्हणणे मांडले हे चांगलेच झाले. परंतु ज्याचे म्हणणे नेहमी दुसराच मांडतो, त्याच्या म्हणण्यातला कोणता भाग मांडला जाईल हे तो दुसरा ठरवतो. चालक किती तास सलग गाडी हाकतो, हा विषय मालक कशाला काढील?

आता जायज-नाजायजचा प्रश्न. करार पूर्ण करा, अशी आज्ञा सूरह माइदाच्या आरंभीच आहे, आणि संपाविरुद्ध बोलणारे पहिली गोष्ट तीच सांगतात. बरोबर आहे. पण करार कोणता? फिक्हमध्ये मजुरीवर काम करणारे दोन प्रकारचे. एक ‘अजीर-ए-मुश्तरक’, जसा शिंपी किंवा रंगारी. तो अनेकांचे काम घेतो, स्वतःच्या वेळेने करतो आणि काम पूर्ण झाल्यावर मजुरीचा हक्कदार होतो. दुसरा ‘अजीर-ए-खास’, जसा महिन्याने ठेवलेला चाकर किंवा गुराखी. त्याने ठरलेल्या मुदतीत स्वतःला मालकाच्या हवाली केले की तो मजुरीचा हक्कदार झाला, मग मालकाने त्या वेळात काम दिले असो वा नसो. त्याच्या हातातली वस्तू ही अमानत असते. त्याने हद्द ओलांडली नसेल तर नुकसान त्याच्याकडून वसूल होत नाही.

आपल्या भागातील ट्रकचालक यांपैकी कोणता? गाडी कोठून भरायची, कोणत्या वाटेने न्यायची, केव्हा पोचायचे हे सर्व मालक किंवा ट्रान्सपोर्टवाला ठरवतो; चालकाला दुसऱ्याची गाडी घेण्याची मुभा नाही. म्हणजे तो अजीर-ए-खास. पण पैसे देण्याची वेळ आली की तोच मालक त्याला अजीर-ए-मुश्तरक समजतो: जेवढ्या खेपा तेवढे पैसे. सोयाबीन घेऊन गेलेली गाडी तेल गिरणीच्या फाटकापाशी दोन दिवस नंबर लावून उभी राहिली तर ते दोन दिवस कोणाचे? मालकाला थांबण्याचे भाडे मिळाले तरी चालकाच्या हाती त्यातले फारसे येत नाही. काट्यावर माल पाच-दहा किलो कमी भरला की ती घट त्याच्या पगारातून कापतात, आणि टायर फुटला तर कधी कधी त्याचाही हिशेब त्याच्याच नावावर चढतो. हुकूम एका प्रकारचा आणि हिशेब दुसऱ्या प्रकारचा, ही लबाडी आहे. घेताना पूर्ण माप घेणारे आणि देताना कमी देणारे यांच्याविषयी सूरह मुतफ्फिफीनमध्ये जो इशारा आहे, तो केवळ किराणा दुकानदाराला उद्देशून आहे असे मानण्याचे काही कारण नाही. आणि सहीह बुखारीतील त्या हदीसमध्ये, जिच्यात अल्लाह तीन माणसांविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः उभा राहील असे आले आहे, तिसरा माणूस कोण आहे? मजुराकडून पूर्ण काम घेऊन त्याची मजुरी न देणारा.

अशा वेळी मजुरांनी एकत्र येऊन काम थांबवणे हे कराराचे उल्लंघन ठरवण्याआधी मक्केतील एक जुना प्रसंग आठवावा. यमनमधील जबीदचा एक व्यापारी माल घेऊन मक्केत आला. आस बिन वाइलने माल घेतला आणि पैसे दिले नाहीत. परक्या शहरात त्या प्रवाशाला वाली नव्हता. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी काही जण जमले आणि त्यांनी शपथ घेतली की मक्केत कोणावरही जुलूम झाला, मग तो आपला असो वा परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण एक राहू. हा ‘हिल्फुल फुजूल’. आदरणीय प्रेषित (स.) त्यावेळी तरुण होते, प्रेषित्व मिळायचे होते, आणि ते त्या बैठकीत हजर होते. पुढे प्रेषित्वानंतरही त्यांनी सांगितले की त्या कराराच्या नावाने आजही कोणी हाक दिली तर मी ओ देईन. माल पोचवणाऱ्या एकट्या माणसाचे पैसे बुडाले, म्हणून झालेला हा करार आहे! संघटना हा शब्द ऐकताच ज्यांना ती पश्चिमेकडून आलेली वस्तू वाटते, त्यांनी हे विसरू नये.

मर्यादा अर्थातच आहेत आणि त्या मी चालकांना त्या रात्री सांगितल्या. भरलेला माल वाटेत टाकून निघून जाऊ नये. ती अमानत आहे, पोचवून मग गाडी उभी करावी. संपाच्या दिवसांची मजुरी मागू नये, कारण त्या दिवसांत स्वतःला हवाली केलेले नाही. जो गाडी चालवतो त्याची काच फोडू नये. रुग्णवाहिका अडवली तर संपाचा सगळा न्याय त्या एका कृत्यात बुडाला. रस्त्याचाही हक्क असतो आणि त्यावरची त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची शाखा आहे, हे आपण मक्तबमधल्या मुलांनाही शिकवतो.

पण एक गोष्ट मी त्यांना नीट विचारली नाही. तुमची मागणी नेमकी कोणती आहे? पळून जाणाऱ्याला शिक्षा नको, ही? कारण १०६ (२) चे शब्द पाहता ती वाढीव शिक्षा न कळवता पळणाऱ्याला होती. पुढच्या ठाण्यात जाऊन वर्दी देणाऱ्याला नव्हे. चालकांचे उत्तर ठरलेले असते: थांबलो तर जमाव मारतो. हे खोटे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही जखमीला उपचार मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर टाकताना जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर, असा अपवाद ठेवला आहे, आणि पोलिसांना कळवायला अधिकाधिक चोवीस तास दिले आहेत. म्हणजे जमावापासून पळणे आणि जबाबदारीपासून पळणे यांतला फरक कायद्याने पाहिला आहे. शरीअतने तर तो फारच बारकाईने पाहिला आहे.

सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून घडलेल्या हत्येसाठी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक दियत, म्हणजे वारसांना द्यायची भरपाई, त्यांनी माफ केली तर गोष्ट वेगळी. दुसरी कफ्फारा; गुलाम मुक्त करणे, आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे. हनफी फुकहांनी हत्येचे जे प्रकार सांगितले त्यात एक आहे ‘चुकीच्या जागी धरली जाणारी’ हत्या, आणि त्याचे उदाहरण म्हणून ते देतात झोपलेला माणूस: कुशीवर वळताना तो दुसऱ्याच्या अंगावर पडला आणि तो दुसरा मेला. झोपेत इरादा नसतो, म्हणून हा खून नव्हे. पण जीव गेला आहे, म्हणून दियतही आहे आणि कफ्फाराही. स्टीयरिंगवर डोळा लागलेल्या चालकाचे याहून जवळचे चित्र मला ठाऊक नाही.

आता मुख्य मुद्दा. कफ्फारा ज्याच्या हातून घडले त्यानेच करायचा. त्याचे रोजे दुसरा ठेवू शकत नाही. दियत मात्र त्याच्या एकट्याकडून वसूल होत नाही. ती भरायची त्याच्या ‘आकिला’ने. हुजैल टोळीतील दोन स्त्रियांच्या भांडणात एकीने दगड मारला आणि दुसरी मरण पावली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी दियतीचा भार मारणारीच्या आकिलावर टाकला. हा शब्द ‘अक्ल’ या धातूपासून आहे. अक्ल म्हणजे उंटाचा पाय दोरीने बांधणे. दियतीचे उंट मृताच्या वारसांच्या दारी नेऊन बांधत, म्हणून दियतीलाही अक्ल म्हणू लागले. मराठीत आपण ज्या अकलेची एकमेकांना आठवण करून देत असतो तीही याच घराण्यातली: मनाला बांधून ठेवणारी.

आकिला म्हणजे कोण? आरंभी कुटुंबकबिला. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी सैनिकांच्या नोंदवह्या, म्हणजे दीवान तयार केले, तेव्हा एका दीवानात नावे असणारे परस्परांची आकिला ठरले. हनफी विद्वानांनी यातून तत्त्व काढले की आकिलाचा पाया रक्त नसून परस्परांना दिलेला आधार आहे. म्हणून ‘हिदाया’मध्ये हेही आले आहे की जेथे लोक व्यवसायाच्या नात्याने एकमेकांना आधार देतात, तेथे त्या व्यवसायाचे लोकच आकिला. भार इतका वाटला जातो की तीन वर्षांत मिळून एकेकावर तीन-चार दिरहमांहून अधिक येऊ नये.

आणि जो चुकला त्याच्या चुकीचे पैसे इतरांनी का भरावेत? ‘हिदाया’ने दिलेले कारण मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते, पण ते मला समजले त्या वजूखान्यापाशी. माणूस बेसावध होतो तो आपल्या पाठीराख्यांच्या बळावर; पाठीराख्यांनी त्याच्यावर नजर ठेवायला हवी होती, ती ठेवली नाही; म्हणून कसूर त्यांचीही आहे. जाणूनबुजून केलेल्या हत्येचा भार मात्र आकिलावर येत नाही. तो ज्याचा त्यानेच वाहायचा.

या मापाने आपल्या चालकाकडे पाहा. डुलकी लागली, धक्का बसला: ही चूक. तिच्यात त्याच्या पाठीशी, किंवा खरे तर त्याच्या मानगुटीवर, असणाऱ्या सर्वांची कसूर आहे. पहाटेपर्यंत पोच म्हणणारा मालक, भाडे पाडून मालकाला खेपा वाढवायला लावणारा व्यापारी, आणि अठरा तास गाडी हाकणे ही मर्दुमकी मानणारे त्याचे सहकारी. त्यानंतर तो थांबला नाही, पुढे ठाणे लागले तेथे उतरला नाही. हे झोपेत घडले नाही. हे त्याचे.

दियतीचे काम आज विमा करतो, असे कोणी म्हणेल. विम्याच्या शरई चर्चेत मी येथे शिरत नाही. पण पैशाची बाजू सोडली तरी विमा कंपनी पैसे भरते आणि नजर ठेवत नाही. ती चालकाला कधी विचारीत नाही की तू काल किती झोपलास. आकिलाचे अर्धेच काम झाले, आणि तेही गाडीच्या मालकासाठी. चालकाच्या वाट्याला येते ते त्याचे एकटेपण. आणि शिक्षेइतकेच ते एकटेपणही माणसाला पळवते, असे माझे मत आहे. ज्याला ठाऊक आहे की ठाण्यात माझ्या बाजूला चार माणसे येऊन उभी राहतील, तो ठाण्याच्या दारात गाडी उभी करण्याची शक्यता अधिक.

आमच्या मानोरा तालुक्यातच पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. रेल्वे येण्यापूर्वी या देशात धान्य आणि मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून हिंडत असे. तो वाहतूकदार एकटा नसे. तांडा असे, तांड्याला नाईक असे आणि तांड्यातल्या माणसाबद्दल नाईकाला विचारता येत असे. आजच्या चालकाला कोणाबद्दल विचारायचे? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवले, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. आपल्याकडे बहुतेक मालक एक-दोन ट्रकांचे आणि स्वतःच हप्त्यांखाली वाकलेले. तो कायदा त्यांच्या अंगणाबाहेरूनच गेला.

उलट त्याच ट्रकमध्ये पोती भरणारा हमाल पाहा. पुण्यात बाबा आढाव यांनी १९५५ मध्ये हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना एकत्र केले, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. तोही कामगार आज या दुकानी तर उद्या त्या दुकानी, एका मालकाचा नाहीच. तरी मार्ग निघाला: मंडळाच्या नोंदवहीत त्याचे नाव, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळाकडे भरायची, त्यातून मजुरी, भविष्य निर्वाह निधी, रजा. सगळ्या हमालांपर्यंत हे पोचले असे नाही. पण नोंदवही आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या दीवानाची मला यात आठवण होते. पोते चढवणाऱ्याचे नाव तरी कोठे लिहिलेले आहे. पोते घेऊन जाणाऱ्याचे नाही.

म्हणून चालकांनी संघटना करावी, आणि ती आकिलासारखी करावी. भावाला मदत कर, तो जालिम असो वा मजलूम, हे प्रेषितवचन ऐकून सहाबांनी विचारले होते की जालिमाला मदत कशी करायची. उत्तर मिळाले, त्याला जुलमापासून रोखून. जी संघटना आपल्या दारू प्यालेल्या सदस्याच्या हातून किल्ली काढून घेत नाही, तिला त्याच्यासाठी चक्का जाम करण्याचा नैतिक अधिकार कोठून येणार? आणि जी त्याच्या हातून किल्ली काढून घेते, तिने मालकाला सांगितले की आठ तासांनंतर आमचा माणूस गाडी हाकणार नाही, तर तिचा आवाज कोण टाळील?

त्या रात्रीच्या माझ्या उत्तरात हे काहीच नव्हते. मी त्याला मसला सांगितला: शंकेने फर्ज सिद्ध होत नाही, मृत्यू झाल्याची खात्री असेल तरच कफ्फारा, पण खात्री करून घेण्याचे कर्तव्य तुझे आहे. तो मान हलवून गेला. त्या रात्री तू किती तास जागा होतास, हे मी विचारले नाही. एकटाच कसा जाशील, हेही विचारले नाही.

आठवड्याभराने तो आला तेव्हा त्याच्याबरोबर आणखी दोन चालक होते. रजबचा चंद्र दोन-चार दिवसांवर होता. रजब आणि शाबान धरले तर रमजानपूर्वी दोन महिने पुरे होतात, हा हिशेब त्यांनीच केला होता. मी त्यांच्याबरोबर त्या दूरच्या ठाण्यात गेलो. अंमलदाराने त्या महिन्याची नोंदवही पाहिली. त्या रात्रीची, त्या टप्प्यातली मृत्यूची नोंद सापडली नाही. त्याने तरीही आपले नाव आणि गाडीचा क्रमांक लिहून दिला. बाहेर आल्यावर त्याने मला विचारले, नोंद नाही म्हणजे मेला नाही, असेच ना? मी म्हणालो, असेच म्हणता येत नाही.

रोजे त्याने ठेवले. त्या दोन महिन्यांच्या त्याच्या खेपा त्या दोघांनी आपसांत वाटून घेतल्या, आणि मालकाला जाऊन सांगितले तेही त्यांनीच. त्या दिवशी ठाण्यातून परत येताना मात्र गाडी कोणी चालवायची हा प्रश्न निघाला, तेव्हा तो न बोलता मागच्या सीटवर जाऊन बसला आणि मानोरा येईपर्यंत झोपला.